नक्कल मीच केलीय

कानांच्या दवाखान्यात बाबांचा नंबर पुकारला, तेव्हा मी खिडकीशी उभी राहून पाऊस बघत होते. बाबांना अर्थातच ऐकू आलं नाही. शेजारच्या तरुणाने आपला मोबाइल त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर अक्षरं होती – ‘काका, तुम्हाला आत बोलावलंय.’ बाबा खुशीत एकटेच आत गेले.

मी पडद्याकडे पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

“हे ॲप वापरता तुम्ही? नक्कल आहे ती. शुद्ध नक्कल!”

“कोण म्हणतं?”

“मी. बोललेलं लिहून दाखवणारं असं ॲप आधी आमच्या कंपनीने केलं. आम्ही नऊ जणांनी! मग त्या बड्या कंपनीने तसंच काढलं. हजारो माणसं पोसतात, पण स्वतःला काही सुचेल तर शपथ!”

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, “नक्कल… मीच केलीय.”

समोरच्याने इतकं सरळ कबूल केलं तर भांडायचं तरी कसं?

“माझ्या ताईला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “तुमचं ॲप मिळालं, त्या दिवशी ती माझ्याशी तासभर भांडली. काय आनंद झाला म्हणून सांगू! पण ती छापखान्यात काम करते. तिथल्या आवाजात तुमचं ॲप गडबडायचं, इंटरनेट गेलं की मुकंच. म्हणून मी आमच्या कंपनीत साहेबांच्या मागे लागलो, की असं ॲप आपण करू. एकदा या छापखान्यात. मी खोटा ठरलो तर चहा माझ्याकडून.”

“आणि खरे ठरलात तर?”

“तर तुमच्याकडून… चहा काही चुकत नाही.”

हसायचं नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही.

चार दिवसांनी मी गेले. छापखान्यात यंत्रं नुसती धडधडत होती. मालक ओरडले, “कागद संपला!” माझ्या ॲपने लिहिलं, ‘काका झोपला.’ त्याच्या ॲपने बरोबर लिहिलं – तेही ताईच्या तडा गेलेल्या स्वस्तातल्या फोनवर, इंटरनेट बंद ठेवून.

“कसं केलंस हे?” मी एकदम अरे-तुरेवर आले.

दोन वर्षं तो गिरण्या, बसथांबे, कारखाने पालथे घालून आवाज टिपत होता. मग ते सगळं एवढ्याशा जुन्या फोनमध्ये मावेपर्यंत त्याने आणि त्याच्या माणसांनी जिवाचं रान केलं. पहिल्यांदा सुचणं किती अवघड असतं ते मला ठाऊक होतं. सुचलेलं ताईच्या फोनपर्यंत पोचवायलाही तितकीच बुद्धी लागते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

ताईने मला जवळ ओढलं. “दवाखान्यातून आल्यापासून हा घरी सारखा तुझ्याबद्दलच बोलतो.”

“ताई!” तो ओरडला. ताईने पडदा वाचला आणि खुदकन हसली.

महिन्याभराने त्याच्या कंपनीला मोठं बक्षीस मिळालं. भरल्या सभागृहात कुणीतरी विचारलं, “ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?”

पहिल्या रांगेत त्याचे साहेब, तिसऱ्या रांगेत मी. आता हा काय सांगणार…

“आम्हाला नाही सुचली,” तो म्हणाला. “त्या तिथे बसल्यात, ती त्यांची आहे. आम्ही ती पुढे नेली, आणि त्याचा मला अभिमान आहे.”

सभागृहात टाळ्याच टाळ्या. साहेब मात्र हाताची घडी घालून बसले होते.

बाहेर भुरभुर पाऊस होता. छत्री कुणाकडेच नव्हती.

“नोकरी गेली?” मी विचारलं.

“नाही. साहेब म्हणाले, विचार त्यांना, आपल्याबरोबर काम करतील का.”

“त्याचं आम्ही नऊ जण मिळून ठरवू. पण एक गोष्ट माझी एकटीची आहे… मला तू आवडतोस.”

तो ओल्या केसांवरून हात फिरवत राहिला. “मला… मलाही तू…”

“बघ! परत माझ्या मागूनच!”

तो हसला. माझा हात त्याने घट्ट धरला.

“मागून तर मागून. आता किती पुढे नेतो ते बघ.”