पावणेसातची भरती

“मिक्सर नाही तो. पंखाही नाही. द्या इकडे, माझी आहे ती.”

पूर्णा गावातल्या गोदामात विनिताशी असं हात पुढे करून कुणी बोलत नसे. ग्राहकांनी परत पाठवलेल्या मालाचा सगळा विभाग तिच्या ताब्यात होता आणि तिच्या सहीशिवाय तिथून टाचणीसुद्धा हलत नसे. आज मात्र तिच्या हातात एक विचित्रच वस्तू आली होती – लांब काळा दांडा, एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला दोन पात्यांचा पंखा – आणि ती कुठल्या कप्प्यात टाकावी ते तिला काही केल्या सुचत नव्हतं.

“तुमची कशावरून?” तिने विचारलं.

“तुम्ही ती उलटी धरलीय, यावरून.”

विनिताने ती वस्तू सुलटी केली आणि मान वर केली. बाहेर परतीचा पाऊस पत्र्यावर ताशे बडवत होता. समोरचा मुलगा दुचाकीवरून आलेला असणार, कारण त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं आणि तरीही तो हसत होता.

“होडीची मोटर आहे,” तो म्हणाला. “बॅटरीवर चालते. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, काम झालं की काढून खांद्यावर टाकून घरी न्यायची. ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाने तळ्यात फिरायला घेतली होती, त्याला दांडा लांब झाला. परत पाठवली ती तुमच्याकडे येऊन पडली. मी विशाल. आमची कंपनी एवढीशी... विकतोही मीच, दुरुस्तही मीच करतो आणि हरवली तर शोधतही मीच फिरतो.”

आता सही करावी आणि माणसाला वाटेला लावावं, इतकंच तिचं काम होतं. पण होडी म्हटल्यावर तिचा हात थबकला.

कोन गावात खाडीकाठी तिचं घर. बाप केसरीनाथ. शेतं गोदामांखाली गेली, घराला वरचा मजला चढला, दारात गाडी आली. म्हातारा मात्र रोज आपली छोटी होडी घेऊन खाडीत जायचाच. जाळ्यात चार बोईटं मिळोत की न मिळोत, पाण्यावर गेल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. उन्हाळ्यात खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वल्हं बंद केलं. डिझेलचं इंजिन दोघांनी उचलावं लागतं, त्यामुळे तो विषयच मिटला. तेव्हापासून केसरीनाथ ओट्यावर बसून पाण्याकडे बघायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसायचा.

“खाऱ्या पाण्यात चालेल?” विनिताने विचारलं. “आमच्या खाडीला ओढ फार असते.”

“होडी बघितल्याशिवाय कसं सांगू? कधी येऊ बघायला?”

इतकं साधं वाक्य. पण त्या दिवशी घरी जाताना विनिता बस बदलायला मानकोलीला उतरायचं विसरून पुढेच गेली, आणि रात्री आमटीत दोनदा मीठ पडलं. जीव थाऱ्यावर नसला की असंच होतं. कुणी कारण विचारलं असतं तर तिने शपथेवर सांगितलं असतं की सगळा विचार मोटरीचाच चालू आहे.

तो आला. तीच मोटर त्याने होडीला लावली आणि काठाकाठाने एक फेरी मारून आणली. केसरीनाथचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. खोट काढायला जागाच नव्हती, आणि खोट निघाली नाही तर व्यवहार तिथेच संपणार, हे विनिताला एकदम कळलं.

“हिला आवाजच नाही,” ती म्हणाली.

विशाल गोंधळला. “तेच तर चांगलं आहे ना?”

“मग चालू आहे की बंद, कळायचं कसं?”

“होडी पुढे जाते त्यावरून...”

“होडी काय, पाण्यानेही पुढे जाते.”

तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “बरोबर आहे. दुसरी आणतो.”

दुसरी आली ती दांडगी. ताकद भरपूर, पण बॅटरी सुट्टी आणि अशी जड की केसरीनाथला ती चिखलातून घरापर्यंत आणताच येईना. तिसरी अगदी हलकी, पण दांडा आखूड. जरा लाट आली की पंखा पाण्याबाहेर येऊन हवेतच भिरभिरायचा. प्रत्येक वेळी मधले आठ दिवस विनिता फोनकडे बघत काढायची, आणि फोन आला की मुद्दाम थोडा वाजू द्यायची.

“विनिता मॅडम, तुम्हाला नक्की कशी मोटर हवीय?” तो विचारायचा.

“कळवीन ना. घाई आहे का तुम्हाला?”

“मला? छे...”

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते दोघांनीही. तिची आई कमळ ओट्यावर भाजी निवडता निवडता म्हणायची, “नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एक मोटर ती केवढी, आनि यो पोरगा चाललाय चकरा मारत.” विनिता ऐकू न आल्यासारखं करून आत जायची.

दिवाळी झाली आणि एका शुक्रवारी दुपारी गोदामातच त्याचा फोन आला. या वेळी आवाजात नेहमीचा खेळकरपणा नव्हता.

“कंपनी मला केरळला पाठवतेय,” तो म्हणाला. “तिथे होड्याच होड्या. सोमवारी हो की नाही ते कळवायचंय. त्याआधी तुमचं काम संपवून टाकतो... रविवारी शेवटची मोटर आणतो. खाडीत लांबवर नेऊन बघू. पाणी कधी भरतंय?”

समोरच्या पडद्यावर रविवारी निघणाऱ्या मालाचा तक्ता होता. विनिताला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. खाडीकाठच्या पोरांना पाढ्यांच्या आधी एक हिशेब येतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती लागते. तिने तो यंत्रासारखा केला. “नवाची पाऊणपट... पावणेसात. सकाळी पावणेसातला या.”

फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. केरळ. एवढ्या लांबून मोटर दाखवायला कोण येतं?

रविवारी सकाळी खाडीवर धुकं होतं. केसरीनाथ चहाचा कप घेऊन काठावर येऊन बसला होता. त्याने पाण्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मोटर अडकवणाऱ्या पोराकडे पाहिलं.

“जावा,” तो म्हणाला. “सावकास.”

होडी आवाज न करता निघाली. अंगावर गार वारा येत होता, पाण्याचा बारीक तुषार हातावर उडत होता. विनिता पुढच्या फळीवर, विशाल मागे मुठीपाशी. बोलायचं म्हणून दोघं बॅटरीबद्दल बोलली. बापाची जाळं लावायची जागा दाखवायची म्हणून तिने होडी तिवरांच्या झाडीतल्या अरुंद फाट्यात घालायला लावली. थोडं आत गेल्यावर पंखा घरघरला, होडीने खालून एक धक्का खाल्ला, आणि सगळं थांबलं.

विशालने मोटर वर उचलली. पात्यांवर काळा गाळ लोंबत होता. बघता बघता दोन्ही बाजूंचा चिखल उघडा पडत चालला होता आणि निवट्या, चिखलातले ते चिमुकले मासे, त्यावर टुणटुण उड्या मारू लागल्या होत्या.

“भरतीला चिखल वर येतो का?” त्याने अगदी भाबडेपणाने विचारलं.

विनिता चिखलाकडे बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. “आज तारीख किती?”

“नऊ.”

“आणि तिथी पंचमी... मी तारखेची पाऊणपट केली.”

“म्हणजे?”

“म्हणजे भरती पहाटेच होऊन गेली. आता पाणी उतरतंय. दुपारपर्यंत हलायचं नाव नको.”

खाडीतल्या पोरीने तारखेवरून भरती सांगावी. गावात कळलं तर तिला तोंड लपवावं लागलं असतं. दिवसरात्र माल पाठवायच्या तारखा मोजून डोक्यातल्या तिथ्या पुसल्या गेल्या होत्या, आणि उरलेलं डोकं केरळने नेलं होतं. विशाल आधी हसला. तिचे डोळे भरलेले दिसले तसं त्याचं हसू ओसरलं.

“एवढ्या एका चुकीवरून असं नका करू. चुका मीपण केल्यात,” तो म्हणाला. “तिसऱ्या मोटरीचा दांडा आखूड पडणार हे मला दुकानातच माहीत होतं.”

“मग आणली कशाला?”

“तुम्ही नको म्हणावं म्हणून.” तो मुठीवरचा गाळ उगाचच नखाने काढत होता. “आणि ही शेवटची म्हणून आणलीय ना... ही पहिलीच आहे. नुसतं खोकं बदललंय.”

“ओळखली होती मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू का नाही बोललास?”

‘तू’ तोंडून गेला तो गेला. दोघंही त्या एका अक्षराने अवघडली. ऊन डोक्यावर आलं होतं, तिवरांची सावली होडीवरून सरकून गेली होती. विशालने पाण्याची बाटली पुढे केली. बाटली घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि दोघांनीही हात काढायला उशीर केला.

पण तिचं मन काही निवत नव्हतं. “बाबा महिनाभर ओट्यावर बसून राहिला,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी होडीत बसायचा माणूस. का, तर मला तू परत यायला हवा होतास. आणि आता तू जाणारच आहेस. बाबाचे दिवस गेले आणि माझ्या हाताला काय लागलं?”

विशालने हळूच विचारलं, “जाऊ का?”

“कुठे?”

“केरळला. तू सांगशील तसं, विनिता. मला कुणी अडवलं तर... म्हणजे अडवावं असं वाटतंय.”

तिला हेच ऐकायचं होतं. गेले कित्येक दिवस हेच. पण आता पुढचं सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. घरात काय म्हणतील, आपण खाडीकाठचे आगरी आणि तो डोंगराकडचा मुरबाडचा कुणबी, आई काय म्हणेल, भाऊ काय म्हणेल... तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तेवढ्यात होडीच्या बुडाला गुदगुली झाल्यासारखं झालं. पाणी परत आलं होतं. विशालने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून मोटर पाण्यात सोडली.

परतीच्या वाटेवर विनिता पुढच्या फळीवर पाठमोरी बसली. मोटर गुपचूप, नेमकी, भरतीबरोबर चालत होती. तिच्यात काढण्यासारखी खोट खरोखरच नव्हती.

काठावर केसरीनाथ होता तिथेच, दुपारच्या चहाचा कप घेऊन बसला होता. विशाल गुडघाभर चिखलात उतरला आणि मोटर काढून फडक्याने पुसायला लागला. विनिता बापाजवळ आली.

“पानी उतरत व्हतं तवाच सांगितलं का न्हाय?” ती फणकारली. “तुना दिसलं नसंल व्हय?”

“दिसलं,” केसरीनाथ शांतपणे म्हणाला. “सांगितलं असतं त तू या साली मोटर घेतलीच नसती. बोल आता. पसंत झाली का गो?”

विनिताने मागे वळून पाहिलं. तो पाठमोरा होता. फडकं एकाच पात्यावर पुन्हा पुन्हा फिरत होतं, पण कान इकडे होते. हाच दिवस, उद्या सोमवार. तिने श्वास घेतला.

“झाला,” ती म्हणाली.

केसरीनाथने कप खाली ठेवला. “मी मोटरीचं इचारतंय.”

“ती बी झाली.”

फडकं थांबलं. मग म्हातारा उठला, दुखरा खांदा चोळत पाण्यापर्यंत आला आणि चिखलातल्या पोराला त्याने डोक्यापासून गुडघ्यापर्यंत न्याहाळून घेतलं. त्याखाली दिसण्यासारखं काही नव्हतं.

“पवाया येतं का रं?”

“नाही, काका.” विशाल म्हणाला.

“न्हाय?” केसरीनाथ कपाळाला आठ्या घालून खाडीकडे बघत राहिला. “आमचा जावय खाडीत बुडाला, त गावात तोंड दाखवाया मना जागा राह्यची न्हाय. शिकाया लागंल. कवापासनं येशील?”

“उद्यापासून,” विशाल म्हणाला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि केरळचं जे उद्या कळवायचं होतं, ते चिखलाच्या अंगठ्याने तिथेच कळवून टाकलं.