मामाचे दहा खड्डे

"मामा तीन दिवसांत दहा खड्डे खणले म्हणतो, अन् बूट तर पाह्य त्याचे," अभिनव म्हणाला. "आत्ताच दुकानातून आणल्यासारखे दिसून राहिले."

दाराजवळच्या बुटांकडे त्याच्या बहिणीने, भाग्यश्रीनेही, पाहिलं. परवाच पाऊस पडून गेला होता. बोरसी गावापलीकडची काळी माती अशा वेळी पायाला इतकी चिकटते की चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. मामाच्या बुटांवर चिखलाचा एक ठिपकाही नव्हता.

नरहरीमामा भाग्यश्रीचा फार लाडका होता, हे आधीच सांगितलेलं बरं. तो नागपूरला राहायचा आणि सल्लागार पुरातत्त्वज्ञ होता. म्हणजे कुठे रस्ता किंवा कॉलनी बांधायची असली, की त्या जमिनीत जुनं काही दडलंय का हे आधी खड्डे खणून तपासायचं आणि तसा अहवाल द्यायचा, हे त्याचं काम. बोरसीपलीकडच्या टेकाडावर एका कंपनीला गोदाम बांधायचं होतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये त्याचा मुक्काम होता. "जमीन एकदाच वाचता येते. एकदा उकरली की ते पान संपलं," असं तो मागच्या वर्षी म्हणाला होता. आठवीतल्या भाग्यश्रीने ते वाक्य वहीत लिहून ठेवलं होतं, आणि आपणही हेच व्हायचं असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"उद्या तुमाले नक्की नेतो," असं तो रोज सकाळी म्हणायचा आणि एकटाच गाडीत बसून निघून जायचा.

"आपणच जाऊ," भाग्यश्री म्हणाली. "खड्डे तर दिसतील."

दोघं सायकली काढून बोरसीला पोहोचली. तिथे भाग्यश्रीच्या वर्गातली चंदा राहायची. त्यांचं बोलणं ऐकून ती हसायलाच लागली.

"कौन मामा? टीले पे तो कोई नहीं आया. मैं रोज बकरी लेके वहीं रहती हूँ."

ते टेकाड म्हणजे गावामागचा जेमतेम दोन माणसं उंचीचा उंचवटा. तिघांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथा घातला. खड्डा एकही सापडला नाही. सापडले ते काळे, जड दगड, ओघळ वाहता वाहता गोठावेत तसे. काहींच्या अंगावर कोळशाचे ठसे होते. भाजलेल्या मातीच्या जाड नळ्या पडल्या होत्या आणि प्रत्येकीचं एक तोंड वितळलेलं होतं. आणि गवतात, एका ओळीत, लाल भाजक्या कडांची तीन गोल भगदाडं होती.

"भट्टियाँ हैं," चंदा म्हणाली. "मेरे बबा से पूछ लो."

चंदाचे आजोबा फकिराबबा टेकाडावरच्या पळसाखाली बसले होते. ऐंशीच्या पुढचे असतील. त्यांनी काठीने पळसाजवळची, आपल्या आजोबांची भट्टी दाखवली.

"ये मोर बबा के आय. वो लोहा गलावय, मैं पाँव ले धौंकनी चलावँव. छह-सात बछर के रहेंव." सहा-सात वर्षांचे असताना त्यांनी इथे पायाने भाता चालवला होता. मग काठी खाली ठेवून ते म्हणाले, "सब कहिथें, कारखाना के पहिली इहाँ कुछु नइ रहिस, जंगल रहिस. मोर बात कोनो नइ मानय."

"आमचे मामा मानतील," भाग्यश्री म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच कसंतरी झालं.

संध्याकाळी मामा बाहेर गेला होता आणि त्याचा अहवाल टेबलावर पडला होता. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे भाग्यश्रीला ठाऊक होतं. तिने ते वाचले. 'दहा चाचणी-खड्डे घेतले. आढळलेला स्लॅग पोलाद कारखान्यातून आणून टाकलेला, अलीकडचा. पुरातत्त्वीय महत्त्व नाही.' खाली टाचलेले फोटो कंपनीच्या माणसाने मोबाइलवर काढून पाठवलेले होते. म्हणजे मामाने फक्त ते पाहिले होते, भिलाईत स्लॅग म्हणजे प्लांटचाच असणार असं तो धरून चालला होता आणि जागेवर गेलाच नव्हता. तिला रडूच आलं.

शामराव आजोबांनी, म्हणजे भाग्यश्रीच्या बाबांच्या वडिलांनी, चौतीस वर्षं प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसवर काढली होती. लोखंड वितळताना वर येणारी मळी म्हणजे स्लॅग. तो त्यांनी उभा जन्म पाहिलेला. भाग्यश्रीने आणलेला काळा दगड त्यांनी तळहातावर नुसता तोलला.

"हा आमचा नाई," ते म्हणाले. "आमचा हलका असते. लोखंड खाली बसते, मळी वर तरंगते. याच्यात तर लोखंड तसंच राहून गेलं आहे. हे हातभट्टीचं काम होय, बेटा."

"मी आत्ताच मामाले सांगते," भाग्यश्री उठली.

"थांब ना," अभिनव म्हणाला. "उद्या दहा वाजता कंपनीचे साहेब सही घ्यायले येऊन राहिले. त्यांच्यासमोरच पकडू. मग मामाले टाळता येणार नाई. मजा येईल!"

बेत झकास होता. शिवाय मामाशी एकटीने बोलायची तिला भीतीही वाटत होती. ती थांबली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता साहेब आले. आईने चहा ठेवला. मामाने खिशातून पेन काढलं, तेवढ्यात भाग्यश्रीने सारखे दिसणारे दोन दगड टेबलावर मांडले. एक टेकाडावरचा आणि एक आजोबांनी प्लांटमधून आणून अंगणात कुंडीला टेकू म्हणून ठेवलेला.

"मामा, यातला एक प्लांटचा आहे. कोणता ते सांग ना."

मामा हसला. दोन्ही दगड उचलून पाहिले आणि त्यातला जड दगड पुढे सरकवला. "हा. वजनावरूनच कळते."

आजोबांनी तो दगड उचलून घेतला. मग ते सावकाश म्हणाले, "नरहरीराव, तो बोरसीच्या टेकाडावरचा आहे. तुमी तिथं गेलेच नाई."

"दहा खड्डे कुठं आहेत, मामा?" भाग्यश्रीने विचारलं. "आम्ही तिघांनी शोधले."

मामाचा चेहरा आधी लाल झाला. "मोठ्यांच्या कामात..." असं काहीतरी तो म्हणायला लागला आणि मध्येच थांबला.

साहेबांना या सगळ्यात काहीच रस नव्हता. "सर, रिपोर्ट तो बन गया ना? आप बस साइन कर दीजिए. मशीन तो सुबह सात बजे से लगी है."

"कुठं लागली?" भाग्यश्री ओरडली.

सगळ्यांना घेऊन मामाची गाडी टेकाडाशी पोहोचली तेव्हा अर्धा उंचवटा नव्हताच. पळस आडवा पडला होता. चंदा माती उकरणाऱ्या मशीनच्या समोर उभी होती, दोन्ही हात पसरून, आणि ड्रायव्हर तिच्यावर खेकसत होता. तिच्यामागे गवतात एक भट्टी उरली होती.

मामा धावला. "बंद करो!" म्हणत त्याने चावी काढून घेतली. मग तो चिखलात गुडघ्यांवर बसला आणि उरलेल्या भट्टीच्या कडेवरून हात फिरवत राहिला. भाजक्या मातीची नळी अजून जागच्या जागी बसलेली होती. तिच्याखाली राखेचे थरावर थर होते, फकिराबबांच्या आजोबांच्याही आधीचे, कितीतरी जुने.

साहेबांनी आधी गोड बोलून पाहिलं, मग आवाज चढवला. "आपको हमने बुलाया है, सर."

"बुलाया आपने है," मामा म्हणाला, "पर लिखना वही है जो जमीन में है." हे कालच बोलला असता तर किती बरं झालं असतं, असं भाग्यश्रीला वाटलं. मामाचा तिला कधी एवढा राग आला नव्हता.

काम थांबलं. सरकारी माणसं आली, कुंपण घातलं गेलं. मामाने चार दिवस उन्हात उभं राहून मोजमापं घेतली, खरे खड्डे खणले, नवा अहवाल लिहिला आणि भाग्यश्रीला वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, 'दोन भट्ट्या सपाटीकरणात नष्ट झाल्या.'

"काहून झाल्या, ते कारण नाही लिहिलं," ती म्हणाली.

मामाने अहवालाचं पान उलटवलं, पुन्हा सरळ केलं. "ते लिहिलं तर मले पुन्हा कोणी काम देणार नाई, भागू."

तिने कागद टेबलावर ठेवला. त्याने कागद परत ओढला आणि हाताने लिहिलं, 'पहिला अहवाल मी जागेवर न जाता तयार केला होता. त्याच्या भरवशावर काम सुरू झाले.' खाली सही केली.

"शाबास," आजोबा म्हणाले, पण मामाला नाही, मुलांना. "तुमच्यामुळे एक तर वाचली."

"आदल्या दिवशीच सांगितलं असतं तर तिन्ही वाचल्या असत्या," भाग्यश्री म्हणाली. अभिनवने मान खाली घातली. आजोबांनी तिला जवळ घेतलं, पण तसं नाही असं ते म्हणाले नाहीत.

निघण्याच्या दिवशी मामा मुलांना घेऊन बोरसीला गेला. कुंपणापाशी उभं राहून भाग्यश्रीने तो कागद फकिराबबांना हिंदीत वाचून दाखवला. इथे पिढ्यान् पिढ्या लोखंड तयार होत होतं, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. बबांनी पुन्हा वाचायला सांगितलं. तिने पुन्हा वाचलं.

"बने करेव, नोनी," छान केलंस पोरी, असं म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अब सब मानहीं."

मामाने त्यांना कुंपणाचं फाटक उघडून दिलं. बबा आत गेले नाहीत. "वो मोर कका के आय," ते म्हणाले. वाचलेली भट्टी त्यांच्या काकांची होती. मग काठी टेकत पलीकडच्या सपाट जमिनीवर गेले, पळस होता तिथे, आणि आपल्या आजोबांची भट्टी नेमकी कुठे होती ते पायाने चाचपत राहिले.