उजवी बाजू

दुपार कलली तशी नफीसा रोजच्यासारखी सुलतानाला पाजायला उठली. कैरोच्या किल्ल्यावरच्या त्या खोलीत पाळणा होता, मखमली दुलई होती. फक्त सुलतान नव्हता.

तान्हंच होतं ते. आई बाळंतपणात गेलेली. बाप मेला म्हणून अमिरांनी उचलून गादीवर बसवलं. नगारे वाजले तसं पोर दचकलं, नफीसाला घट्ट धरलं, ते पुढं सावरलंच नाही. एका पहाटे गेलं. नवा सुलतान ठरेपर्यंत हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून दाईनं वेळेवर आत जायचं, वेळेवर बाहेर यायचं.

दाराशी जनानखान्याचा म्हातारा राखणदार अंबर बसलेला.

"अंबरचाचा, घरी जाऊ द्या ना मला. सासू माझ्या सुकैनाला पाजायला दाराशी आणायची, तेही बंद केलंत. बकरीचं दूध उलटून टाकते हो पोर माझी. जगायची नाही."

"हळू बोल, पोरी. तुझ्या जिभेपायी माझी मान जाईल. आधीच आखूड आहे."

ती हसली नाही. आत गेली. एवढ्या महालात त्या लेकरासाठी रडणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तिलाही रडायची बंदी. टाळूच्या तेलाचा वास अजून तिथंच होता. उजवी बाजू सुलतानाची, डावी तुझ्या पोरीची, ही तिथली रीत तिला पहिल्याच दिवशी बजावलेली. दोन्ही बाजू भरून ठणकत होत्या.

पाळणा हलला नाही. कुठं आवाज नाही. ती बाहेर आली तेव्हा डावी तशीच, दगडासारखी. उजवी मात्र रिकामी. झगा कोरडा.

"चाचा… दूध कुठं गेलं?"

"दुःखानं आटतं गं…"

"एकाच बाजूचं?"

अंबरनं तिच्याकडे न बघता दाराला कडी घातली.

शुक्रवारी नवा सुलतान ठरला आणि तिला सोडलं. ती धावतच घरी आली. सुकैनाचे डोळे खोल गेले होते. डावीकडे घेताच पोर घटाघटा प्यायली. नफीसाचा जीव भांड्यात पडला. डावी संपली, पोरीची भूक संपेना, म्हणून तिनं तिला उजवीकडे वळवलं.

सुकैनानं तोंड लावलं नाही. जवळच कुणाकडे तरी टक लावून बघत राहिली.

इतक्यात किल्ल्यावर नव्या सुलतानाचे नगारे वाजले. सुकैना हललीसुद्धा नाही.

उजवीकडे मात्र कुणीतरी दचकलं… आणि नफीसाला घट्ट धरलं.