कुर्डुवाडीचा तपासनीस

"साखर पेठेत वच्छला माने कुठं राहतात, सांगाल का?"

टपालपेटीत कार्ड टाकायला वर गेलेला वच्छलाचा हात तिथंच थांबला. समोर एक उंच, सावळा माणूस उभा होता. भुरभुर पावसानं चष्म्याच्या काचा भिजलेल्या, बगलेत कापडी पिशवी, आणि छत्री असून ती मिटलेलीच. आवाज मात्र चांगला होता… मऊ, जरासा कानडी हेल असलेला.

दुसरी कुणी असती तर सरळ म्हणाली असती, मीच ती. पण वच्छला मानेचं तसं नव्हतं. वय सव्वीस, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, सोलापूरच्या साखर पेठेत खोली घेऊन एकटी राहायची. दूधवाल्यानं आपणहून पळीभर जास्त घातलं तरी हिच्या मनात पाल चुकचुकायची. भर रस्त्यात परका पुरुष आपलं नाव घेऊन विचारतोय म्हटल्यावर तिनं कार्ड पदराआड घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "त्या पार विजापूर वेशीपलीकडं राहायला गेल्या की. तिकडं विचारा कुणालाही."

त्यानं मान लववली, आभार मानले आणि विजापूर वेशीच्या दिशेनं चालू लागला. बिचारा. वच्छलाला क्षणभर वाईट वाटलं, पण क्षणभरच.

तिच्या हातातल्या कार्डावर पत्ता होता आणि चार आकडे. बाकी काही नाही. ती पत्रानं बुद्धिबळ खेळायची. पटावरच्या प्रत्येक घराला दोन आकडे, मोहरा कुठल्या घरातून कुठल्या घरात गेला ते चार आकड्यांत लिहायचं, कार्ड टाकायचं आणि आठ दिवस उत्तराची वाट बघायची. एक डाव वर्षभर चालायचा. पोस्टमन सिदूला वाटायचं, बाई मटक्याचा आकडा मागवतात. तो ते आकडे गुपचूप लावायचा म्हणे, आणि हरला की दोन दिवस वच्छलाशी धड बोलायचा नाही.

तिला शिकवणारं कुणी नव्हतं आणि बुद्धिबळाचं पुस्तक म्हणावं तर एकही नव्हतं. होती ती एक दोनशे पानी वही. खेळलेला प्रत्येक डाव तिच्यात उतरवलेला. सुरुवातीच्या आठ-दहा खेळ्यांवर ती महिना महिना डोकं घालायची: इथं प्यादं फुकट दिलं तर काय, इथं उंट मागं घेतला नसता तर काय. जे पटलं ते लाल शाईनं लिहायचं. लाल शाईतली ओपनिंग म्हणजे तिच्यापुरता कायदा. त्या वहीच्या जोरावर तिनं बुद्धिबळ मंडळाच्या टपाली स्पर्धेत पाच जणांना हरवलं होतं, त्यात मागच्या सालचा विजेताही होता. आणि तिथंच माशी शिंकली.

तासाभरानं तो माणूस अक्कम्माच्या दारात उभा राहिला, आता चांगलाच भिजलेला. अक्कम्मा म्हणजे वच्छलाची घरमालकीण. खाली तिच्या घरचे चादरीचे माग, वर वच्छलाची खोली. मागांच्या खडखडाटात अक्कम्मानं जिन्यावरून हाक मारली, "बाई, पावना आलाय. तुमचंच नाव सांगतोय की."

वच्छला खाली आली. त्यानं तिला ओळखलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"विजापूर वेस बघून आलो," तो म्हणाला. "चांगली आहे."

त्याचं नाव पंचाक्षरी बिराजदार, कुर्डुवाडी स्टेशनात बुकिंग क्लार्क. नाव ऐकून वच्छला चपापली, कारण याच बिराजदाराशी तिचा एक डाव गेलं वर्षभर चालू होता. पण तो त्यासाठी आला नव्हता. त्यानं पिशवीतून मंडळाचं पत्र काढलं. कुणीतरी निनावी तक्रार केली होती की वच्छला माने हे नुसतं नाव आहे, आडून खेळतो कुणी पुस्तकं बाळगून असलेला पुरुष. तक्रार खरी निघाली तर तीन वर्षांतले सगळे डाव रद्द आणि नाव कायमचं कमी. बिराजदार जवळ राहतो आणि त्याला रेल्वेचा पास आहे, म्हणून तपासाचं काम त्याच्या गळ्यात आलेलं.

वच्छलाची कानशिलं तापली. तीन वर्षं! शाळेतून आल्यावर, भाकरी थापता थापता, कपडे पिळता पिळता जे डोक्यात घोळवलं ते सगळं कुणा पुरुषाचं? तिनं पट मांडला, वही आणली आणि त्याच्यापुढं आदळली. "आपला डाव सोडून कुठलंही पान काढा," ती म्हणाली. "विचारा काय विचारायचं ते."

तो विचारत गेला, ती सांगत गेली. दोन तास गेले. अक्कम्मानं पोहे आणून ठेवले ते तसेच गार झाले. मग एका लाल ओळीवर त्याचं बोट थांबलं. हीच खेळी तिनं एप्रिलात सांगलीच्या एकाला आणि त्याला स्वतःला, एकाच आठवड्यात पाठवली होती. पेपर तपासायची घाई, पट मांडायला वेळ नाही, म्हणून वहीत बघून दोन कार्डं टाकली आणि दोन्ही डावांत एकेक घोडा फुकट घालवला. वही चुकली कशी, ते तिला चार महिने उमगलं नव्हतं.

त्यानं ती मांडणी पटावर लावली. काळ्याचं एक प्यादं हरवलेलं, म्हणून तिथं ती चिंचोका ठेवायची. त्यानं वहीतली खेळी करून बघितली, मग चिंचोका उचलून बाजूला ठेवला आणि पुन्हा करून बघितली.

"बाई… ही ओळ लिहिली त्या दिवशी हा चिंचोका पटावर नव्हता. घरंगळला असणार. तो नसेल तर तुमची ओळ एकदम बरोबर आहे."

वच्छलानं तोंडावर हात घेतला. बिराजदार हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग कधी नव्हे ती तीही हसली. जाताना मात्र तो पुन्हा तपासनीस झाला. अकरा डाव आहेत, म्हणाला, एकेक बघावा लागेल… पुढच्या रविवारी येतो.

तो आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. एक डाव काढायचा, त्याची ओपनिंग उलगडायची, इथं तुम्ही असं का केलंत, तिथं तसं का नाही. कधी पेरू आणायचा, कधी अक्कम्मासाठी रेल्वेचं नवं वेळापत्रक, जे तिला वाचता येत नव्हतं पण भिंतीला लावायला आवडायचं. वच्छलाला रविवारी सकाळपासून जिन्याकडं कान लागायला लागले. आणि कान लागायला लागले म्हणूनच तिचा संशय वाढला. एवढा गोड माणूस फुकट कशाला येईल? माझी ओपनिंग शिकून मलाच हरवायचा डाव असणार याचा. नाहीतर तक्रारच यानं केली असणार.

तिनं त्याचं पाणी जोखायचं ठरवलं. त्यांच्या चालू डावाचं एक खोटं पान लिहिलं, तेही लाल शाईनं. ते वाचून कुणी प्यादं मारायला गेला की त्याचा हत्ती अडकलाच. वही उघडी टाकून ती चहा करायला गेली आणि मुद्दाम वेळ लावला. परत आली तेव्हा वही मिटलेली होती. आठवड्यानं त्याचं कार्ड आलं. त्यानं प्यादं मारलं नव्हतं.

म्हणजे वाचलं नाही. की वाचलं आणि सापळा ओळखला? की ओळखून साळसूदपणा केला? आठवडाभर तिचा जीव टांगणीला. शेवटी रविवारी तिनं त्याला तोंडावरच विचारलं, काय केलं होतं तेही सांगून टाकलं. तो रागावला नाही. फक्त त्याचा चेहरा उतरला.

"मारलं असतं तर मी चोर," तो हळूच म्हणाला. "मारलं नाही तर लबाड. मग बाई, मी नेमकं काय केलं असतं म्हणजे तुमचा विश्वास बसला असता?"

वच्छलाला तक्रारीचं पत्र आठवलं. मंडळानं तिला अगदी हेच केलं होतं. हरली असती तर बाईमाणूस, जिंकली तर आडून पुरुष. तो गेल्यावर ती जिन्यात बसली. हा माणूस पुन्हा आला नाही तर… हा विचार आला तेव्हा तिला कळलं की आपण कुठवर आलोय.

सप्टेंबरात मंडळाचं पत्र आलं. तक्रार खोटी ठरली होती, सगळे डाव कायम. सोबत तपासनिसाच्या अहवालाची नक्कल: 'एकच चूक, दोन डावांत, एकाच आठवड्यात. मागं कुणी शिकवणारा किंवा पुस्तक असतं तर ही चूक झाली नसती. बाई एकट्या खेळतात, आणि फार सुंदर खेळतात.' वच्छलानं ते चारदा वाचलं. मग तिची नजर खालच्या तारखेवर गेली. ११ ऑगस्ट १९७४. तो पहिल्यांदा आला तोच दिवस.

त्या रविवारी तो आला, पिशवीत पेरू घेऊन. वच्छलानं विचारलं, तपास कुठवर आला? तो म्हणाला, अजून चार-पाच डाव राहिलेत. तिनं अहवाल पटावर ठेवला.

बिराजदाराचे कान लाल झाले. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"तपास त्याच दिवशी संपला होता," तो म्हणाला. "स्टेशनात गाडीची वाट बघत लिहिला आणि तिथंच टाकला."

"मग पुढचे पाच रविवार?"

"ते…" तो पटाकडं बघत राहिला. "तुम्हाला भेटायला आलो."

खालचे माग तेवढ्यात नेमके थांबले. त्यामुळं हे वाक्य जिन्यापर्यंत गेलं आणि अक्कम्मानं ऐकलं. वच्छलाला आनंद झाला, भीतीही वाटली, आणि भीती वाटली की ती करायची तेच तिनं केलं.

"टपाली डावात तोंडचं धरत नाहीत," ती म्हणाली. "टपालात पडलं तेच खरं. काय म्हणायचंय ते लिहून पाठवा."

"इनलँडवर लिहितो."

"कार्डावर."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. उघडं कार्ड म्हणजे कुर्डुवाडीचं टपालखातं, सोलापूरचं टपालखातं आणि सिदू, सगळ्यांनी वाचलेलं. त्यात तो लिंगायत, ही सांगोल्याकडच्या मान्यांची. बातमी दोन्ही घरी पोचायला कितीसा वेळ लागणार! तो उठला आणि गेला. पेरू तिथंच राहिले.

सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी नाही. नाहीच येणार, वच्छलानं स्वतःला बजावलं, हे मला ठाऊकच होतं, आणि मंगळवारी वर्गात तिनं सातवीच्या मुलींना साधं त्रैराशिक चुकीचं शिकवलं.

बुधवारी सिदू गल्लीच्या तोंडापासूनच कार्ड वाचत आला. त्याच्या मागं अक्कम्मा, अक्कम्माच्या मागं मागावरच्या दोन बायका. "आज आकडा न्हाय बाई," तो म्हणाला आणि कार्ड दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. त्यावर स्वच्छ, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'वच्छलाबाई, मी तपासाचं खोटं सांगून पाच रविवार आलो, कारण तुम्हाला बघितल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. माझ्याशी लग्न कराल का? नाही म्हणालात तरी आपला डाव चालू राहील. — पंचाक्षरी.'

वच्छलानं गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पॅसेंजरनं कुर्डुवाडी गाठली. बुकिंगच्या खिडकीपुढं रांग होती. ती रांगेत उभी राहिली. पुढचे सहा जण एकेक करून सरकले.

"कुठलं?" बिराजदारानं मान वर न करता विचारलं.

"उत्तर घेऊन आलेय," ती म्हणाली.

त्यानं वर बघितलं. हातातलं तिकीट गळून पडलं. मग गडबडीनं त्यानं एक कोरा कागद आणि टाक खिडकीतून तिच्यापुढं सरकवला. "लिहून द्या."

वच्छलानं कागद परत सरकवला. तीन वर्षं तिनं सगळं कागदावर सिद्ध केलं होतं, तरी कुणी मानलं नव्हतं.

"लिहून देणार नाही," ती म्हणाली. "तोंडानं सांगणार. त्याच्यावर विश्वास ठेवावा लागेल."

"ठेवला."

"अजून काही सांगितलंच नाही की मी."

"तरी ठेवला."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, बाई, तिकीट घ्या नाहीतर बाजूला व्हा. वच्छला बाजूला झाली नाही. तिनं खिडकीच्या गजांना धरलं, पुढं झुकली आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "हो."