आण्णांच्या विहिरीत गुलाबी पाणी

“क्रांती, म्हस सोडू नकोस! आज विहिरीचं पाणी पाजायचं नाहीच!” आदिती ओरडली.

सुट्टीला ती पेठ वडगावजवळ काकांच्या, म्हणजे नेमगोंडा आण्णांच्या मळ्यावर आली होती. काल शेजारच्या क्रांतीचं रेडकू विहिरीवरच्या हौदातलं पाणी प्यायलं आणि तासाभरात तडफडून मेलं. आता क्रांतीच्या आजीकडे, धोंडुबाईंकडे एकच म्हैस उरली होती.

“किराळ लागली आसंल! कोवळी ज्वारी खाल्ली की जनावर जातंयच,” असं म्हणून आण्णा चहाला घरी गेले.

“दाव्याला बांधल्यालं रेडकू ज्वारी कुठनं खाईल?” क्रांती रडवेली झाली.

तेवढ्यात वीज गेली. मोटर बंद पडली, तरी गुळगुळ आवाज येतच होता! मोटरीशेजारच्या पिंपात युरियाचं पाणी होतं. ते नळीतून ठिबकच्या पाइपात जायचं.

“पिंप उतरतंय की!” चुलतभाऊ वृषभ किंचाळला. “मोटर बंद, मग खत चाललंय कुठं?”

आदितीनं विहिरीत डोकावून पाहिलं. उन्हाळ्यानं पाणी पार तळाला गेलेलं. याच पाण्यावर काकूचा स्वयंपाक व्हायचा! खत उलटं विहिरीतच येत असेल तर?

“आण्णांना सांगूया!” ती म्हणाली.

“खुळी हाईस व्हय? त्यास्नी पटायचं न्हाय!” वृषभ म्हणाला.

तो धूम पळाला आणि रंगपंचमीच्या उरलेल्या रंगाची पुडी घेऊन आला. अख्खी पुडी पिंपात!

वीज आली, मोटर चालू झाली. मुलांनी आण्णांना ओढतच आणलं. पण समोरून धोंडुबाई म्हैस घेऊन हौदाकडेच येत होत्या! म्हशीनं मान खाली घातली. क्रांती दाव्याला लोंबकळली. “आज्जे, थांब!”

“आण्णा, मोटर बंद करा आणि विहिरीत बघा!” आदिती म्हणाली.

आण्णांनी बटण दाबलं. गुळगुळ, गुळगुळ... आणि विहिरीच्या तळातून गुलाबी लोट वर आला!

आण्णा मटकन खाली बसले. “पाणी मागं फिरू नये म्हणून पाइपाला झडप असती. सारखा कचरा अडकतोय म्हणून ती मीच काढून टाकली. पोरांनो, तुम्ही आज माझं डोळं उघडलंसा.”

धोंडुबाईंनी तिघांच्या तोंडावरून हात फिरवला. “वाघ हायसा रं, वाघ! माझी म्हस वाचवलीसा.”

“धोंडुआक्का, तुमचं रेडकू माझ्यामुळं गेलं,” आण्णा खाली मान घालून म्हणाले. “माझी रेडी उद्या तुमच्या दावणीला बांधतो.”

“बांधा की,” धोंडुबाई म्हणाल्या. “पर आधी ती इहीर उपसा.”