उताराच्या बाजूचा दगड

कौतिकआबांनी तीस वर्षं केळीचा ट्रक हाकला, पण क्लच नसलेली गाडी बापजन्मी पाहिली नव्हती. रावेरच्या शालिग्रामशेठनी ती ब्याण्णव साली मुंबईहून स्वस्तात आणली. आबांची लेक सुगंधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, म्हणून शेठनी गाडी दोन दिवस वापरायला दिली. केवढं मोठं मन! पण किल्ली देताना त्यांनी आबांचा हात धरून ठेवला.

"थांबवली की गिअरचा दांडा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, हँडब्रेक ओढायचा, मगच उतरायचं. ट्रकसारखी गिअरात टाकून सोडायची नाही. बंद इंजिन हिला धरत नाही. आधीचा ड्रायव्हर हिलाल त्याच सवयीनं गेला. गाडी घरंगळली, तो दगड लावायला धावला... आधी हात सापडला, मग तो."

"शेठ, मी काय कालनं पोर शे?" आबा हसले.

धुळ्याला व्याह्यांच्या दारात त्यांनी सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. तरी न्याहारी करून बाहेर येतात तर मागच्या चाकाशी दगड! काळा, मधोमध चुन्याची रेघ आणि वर चार बोटांचे ओले ठसे. मे महिन्याचं ऊन, सांडलेलं पाणी बघता बघता वाळावं, आणि हे ठसे ओलेच. व्याही म्हणाले, आमच्यातल्या कुणी लावला नाही. आबांनी दगड नाल्यात भिरकावला आणि हात धोतराला पुसला. तापलेल्या रबराचा वास मात्र हाताला राहिलाच.

एरंडोल आलं तशी सुगंधा म्हणाली, पद्मालयच्या गणपतीला जाऊन मग घरी जाऊ. पोटुशा लेकीला नाही कोण म्हणणार? टेकडीच्या चढावर तिला तहान लागली. बरोबर बाराची वेळ. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, झाडाचं पानही हलत नव्हतं. थोड्या अंतरावर हापसा दिसला. आबांनी गाडी उभी केली आणि तीस वर्षांच्या सवयीनं घात केला. दांडा पहिल्या गिअरात, इंजिन बंद, आणि तांब्या घेऊन निघाले. हँडब्रेक राहिला तो राहिलाच. दगडाचं तर त्यांच्या मनातही आलं नाही, ट्रकला तो क्लीनरच लावायचा. चाक खड्ड्यात टेकलं होतं, म्हणून गाडी घटकाभर उभी राहिली एवढंच.

हापसा दोनदाच खालीवर झाला असेल. मागे खडी करकरली. गाडी उलटी निघाली होती, खालच्या घळीकडे, आणि मागच्या सीटवर लेक आडवी!

"सुगंधाऽऽ!"

आबा धावले. म्हातारे पाय ते, किती धावणार? कडा हातभर राहिला आणि गाडी गचकन थांबली.

मागच्या चाकाखाली दगड होता. मधोमध चुन्याची रेघ.

सुगंधा उठून काचेतून बघत होती, चेहरा पांढराफटक.

"आबा... तुम्हना हात कसा शे?"

"मना हात?"

"दगड लावताना चाकाखाले सापडी गया ना... मी किती वरडनू, हात काढा... हात काढा..."

आबांनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. ते हापशाच्या पाण्यानं ओले होते, बाकी कुठे साधा ओरखडा नव्हता. ती ते हात उलटेपालटे करून बघत राहिली.

दर्शन राहून गेलं. घरच्या अंगणात आबांनी दांडा 'पी'वर टाकला, हँडब्रेक ओढला आणि तीनदा तपासला. मग वाकून चारही चाकं पाहिली. दगड नव्हता. सुटलो रे देवा, म्हणत ते ओट्यावर टेकले.

दिवेलागणीला ते चहा घेऊन लेकीच्या खोलीत गेले. ती पोटावर हात ठेवून झोपली होती. खाटेच्या पायाशी दगड होता. तीच चुन्याची रेघ, तेच चार ओले ठसे.

आबांनी उचलायला हात घातला आणि मागे घेतला. दगड कुठल्या बाजूला लावतात हे ड्रायव्हर माणसाला सांगावं लागत नाही. उताराच्या बाजूला. हा दाराच्या बाजूला लावला होता, जणू लेकीसकट खाटच दाराबाहेर निघणार होती.

आणि शेणानं सारवलेली ती जमीन तर अगदी सपाट होती.