तिसऱ्या रांगेतली आई

“जरा हलक्या हातानं हं... अस्सल रेशीम आहे!”

हे सांगणारी बाई सकाळच्या गाडीनं आली होती, तिचा पोशाख पेटीत चुरगळला होता, आणि वीस वर्षं लाँड्रीत उभं राहून परक्यांच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या स्त्रीला ती रेशीम शिकवत होती! इस्त्रीवालीनं इस्त्री पुढे सरकवली. आज भिंगरीचा साखरपुडा होता. समोर पाय हलवत बसलेली ही बाई म्हणजे भिंगरीची जन्मदाती... दोन वर्षांचं लेकरू झोपेत टाकून दुसऱ्या संसारात निघून गेलेली! आणि इस्त्रीवाली स्वतः? पोरगी चार वर्षांची असताना या घरात आलेली सावत्र आई. पण ‘सावत्र’ हा शब्द एकवीस वर्षांत पोरीच्या तोंडून तिनं कधी ऐकला नव्हता... गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात होणाऱ्या विहीणबाई घरी आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, हातात टंकलेली चौदा पानं. कोणी कोणाचं स्वागत करायचं, कोणी आधी बसायचं, फोटोत कोण कुठे... सारं क्रमवार.

“वधूची आई म्हणून व्यासपीठावर जन्मदात्या माता,” त्या गोड हसत वाचत होत्या. “त्या हयात आहेत, तेव्हा प्रश्नच नाही. सावत्र मातेची जागा तिसऱ्या रांगेत. यात अपमान नाही हं, हा शिष्टाचार आहे!”

तिनं आशेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो घड्याळजी. जगाची बंद घड्याळं चालू करणारा हा माणूस, बायकोवर वेळ आली की स्वतःच बंद पडे.

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे,” तो पुटपुटला.

मग तिनं भिंगरीकडे पाहिलं. पोरगी नखांकडे बघत म्हणाली, “तशी सावत्रच ना गं... म्हणजे कागदोपत्री. त्यांच्याकडे चालतं ते चालू दे ना.”

त्या क्षणी तिला राग आला नाही, रडू आलं नाही. किळस आली! तोंडातल्या घासात केस लागावा तशी... आणि घास तर चारचौघांत थुंकताही येऊ नये! महिनाभर तो केस जिभेवर वळवळत होता. विहीणबाईंच्या गोड हसण्यात, नवऱ्याच्या मान खाली घालण्यात, दुकानातून छापून आलेल्या त्या सोनेरी कडेच्या पत्रिकेत, जिच्यावर साऱ्यांची नावं होती, फक्त तिचं नव्हतं. त्या पत्रिका पाकिटात घालून चिकटवल्या मात्र तिनेच!

“एक विचारू?” जन्मदातीचा आवाज एकाएकी खाली आला. “मला आज दोन शब्द बोलायला सांगितलंय. आईच्या आठवणी म्हणून... पण माझ्याकडे आठवणच नाही हो! तुम्हीच काहीतरी सांगा ना तिच्या लहानपणचं.”

इस्त्री थांबली. रेशीम तापू लागलं. अजून चार क्षण ती तशीच ठेवली असती, तर त्या अस्सल वस्त्रावर जन्माचा डाग उठला असता... आणि देवाशपथ, तिच्या मनात ते आलं! पण त्या बाईच्या रंगवलेल्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही रितेपण दिसलं, की तिनं इस्त्री उचलली. भर समारंभात ही बाई गप्प उभी राहिली, तर हसं कोणाचं होणार? भिंगरीचंच!

“तिला एकदा ताप आला होता,” ती खालमानेनं बोलू लागली. “तीन आठवडे उतरेना. औषध कडू जहर. घोट घेतला की ओकायची. मग मी आधी प्यायचे, मग ती. ओकली की मी ओंजळीत धरायचे, अंथरूण ओलं झालं की ती घाबरायची म्हणून... म्हणायची, ‘तुझ्या हातात सगळं मावतं.’”

तिनं सांगितलं. कोणाला सांगू नये, देऊ तर नयेच, असं आपल्याजवळचं एकमेव धन तिनं देऊन टाकलं, आणि स्वतःचीच किळस येऊन इस्त्रीचं बटण बंद केलं.

दुपारी सभागृह पाहुण्यांनी भरलं. फुलं, अत्तरं, गालाला गाल लावून चाललेली स्वागतं... तिसऱ्या रांगेत खांबाच्या आडोशाला ती बसली होती. व्यासपीठावर भिंगरी, तिचा दाताचा डॉक्टर असलेला वर, शेजारी घड्याळजी, आणि वधूच्या आईच्या खुर्चीत तिनेच इस्त्री केलेलं ते निर्दोष रेशीम! पुढच्या रांगेतली कोणीतरी कुजबुजली, “आई किती सोज्ज्वळ दिसते, नाही?”

मग जन्मदाती ध्वनिक्षेपकापाशी उभी राहिली.

“माझी भिंगरी... किती नाजूक होती! एकदा तिला ताप आला. तीन आठवडे मी तिच्या उशाशी होते. औषध आधी मी प्यायचे, मग ती. आणि म्हणायची, ‘आई, तुझ्या हातात सगळं मावतं!’”

ओकारी तेवढी गाळली होती. ओकारी शिष्टाचारात बसत नव्हती! विहीणबाईंनी रुमालाच्या टोकानं डोळे टिपले. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत मात्र एक स्त्री दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती... जणू ते कोणी ओळखू नयेत!

टाळ्या विरल्या, तरी भिंगरी त्या बाईच्या हातांकडे पाहत होती. मऊ, गोरे, अंगठ्यांनी भरलेले हात.

“तेव्हा मी केवढी होते?” तिनं विचारलं.

“अं? असशील... तीनेक वर्षांची.”

“सहा वर्षांची होते मी!” भिंगरीचा आवाज फाटला. “तुम्ही गेलात त्याला चार वर्षं झाली होती! ज्या हातांत मी ओकले, त्यांवर इस्त्रीचे चटके होते... मला आठवतंय! बाबा, तुम्हाला आठवत नाही?”

घड्याळजी दोन्ही हातांत तोंड लपवून बसला.

“अगं, अंगठीचा मुहूर्त...” विहीणबाई उठल्या, पण भिंगरी पायऱ्या उतरून धावत सुटली होती. खुर्च्या सरकल्या, पाहुणे माना वळवू लागले. ती खांबापाशी आली आणि सावत्र आईच्या गुडघ्यांशी कोसळली.

“ऊठ... चारचौघांत शोभा नको,” ती कशीबशी म्हणाली.

“शोभा तर मी महिनाभर करतेय गं, आई! मी तुला सावत्र म्हणाले... कोणत्या तोंडानं म्हणाले! किळस वाटते मला माझी!”

“मलाही वाटली,” ती शांतपणे म्हणाली. “साऱ्यांची वाटली. तुझीसुद्धा.”

भिंगरीनं भिजलेला चेहरा वर केला. “अजून वाटते?”

खोटं बोलणं सोपं होतं. आज या सभागृहात सगळेच ते किती सुरेख बोलत होते!

“थोडी,” ती म्हणाली, आणि मग महिनाभर धरून ठेवलेला बांध फुटला. तिनं पोरीचं डोकं छातीशी ओढून घेतलं, केसांतली फुलं चुरगळली, आणि ती हुंदके देऊन रडली. “जाईल गं... जाईल. लगेच नाही जात.”

नवरामुलगा पायऱ्या उतरून आला. त्याच्या मुठीत अंगठीची डबी होती. त्यानं कोणालाच काही विचारलं नाही. फक्त वाकून म्हणाला, “आई, इथेच घालू ना?”

सावत्र आईनं होकारार्थी मान हलवली. फोटोवाला खुर्चीवर चढला, पाहुणे टाचा उंच करून बघू लागले, आणि खांबाच्या आडोशाला तो साखरपुडा झाला. दूर व्यासपीठावर जन्मदाती एकटीच बसून होती. सावत्र आईला ते दिसलं. जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवावा, असंही क्षणभर वाटलं. पण आज नाही. आज तिच्याकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर विहीणबाई आल्या. हातात कागद नव्हते. त्या उभ्याच राहिल्या, दोनदा घसा खाकरला.

“मी... तुमच्या शेजारी बसू का?”

सावत्र आईनं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.